दोन बोटं आखूड

माळ्यावरचा दरवाजा पुन्हा अडतो, असा क्वेनकाकूचा निरोप लिएमला आला. तसं दरवाजा अडण्यात नवल काही नव्हतं. होई आन गावात पावसाळ्याचा नववा चांद्र महिना लागला की सगळंच अडतं. दारं, खिडक्या, कपाटांचे खण आणि म्हाताऱ्यांचे गुडघे. पण हा दरवाजा त्यानं नवं वर्ष लागण्याआधी एकदा तासला होता, भर उन्हाळ्यात दुसऱ्यांदा तासला होता, आणि आता हा तिसरा निरोप. उन्हाळ्यात अडणारं दार ओलीनं अडत नाही, हे साठीतल्या सुताराला कुणी सांगायला नको होतं.

त्यानं रंधा, गुण्या आणि ओळंबा पिशवीत टाकला. मग ओळंबा बाहेर काढून खुंटीला अडकवला आणि बाकीचं घेऊन नदीपलीकडच्या किम बाँग या सुतारांच्या गावातून होडीनं निघाला. घर किती कललंय ते ओळंबा सांगतो, आणि लिएमला ते ऐकायचं नव्हतं.

क्वेनकाकूचं घर नदीकाठच्या जुन्या रांगेत होतं. पिवळी चुन्याची भिंत, शेवाळलेली कौलं, आणि दाराच्या चौकटीवर लाल फडकं बांधलेले दोन लाकडी डोळे, आल्यागेल्याची नियत बघणारे. दाराशेजारी पितळेची पाटी होती. या घराचा जीर्णोद्धार किम बाँगचा कारागीर लिएम यानं केला, असं तिच्यावर तीन वर्षांपूर्वी कोरलेलं होतं. लिएम अलीकडे पाटीकडे न बघता आत शिरायचा. लाकडी डोळ्यांकडे बघायचंही त्यानं सोडून दिलं होतं.

"आलास का?" काकू जिन्याच्या वरून म्हणाली. सत्त्याऐंशी वर्षांची, चिमणीएवढी बाई, पण आवाज बाजारात मासे विकल्यासारखा. "मला वाटलं, पितळेच्या पाटीवर नाव लागलं, आता म्हाताऱ्यांच्या दारांना कोण विचारतो."

"तुम्ही बोलावलंत आणि मी आलो नाही, असं झालंय का कधी?"

"आधी चहा घे. दार काही पळून जात नाही. त्याला तर हलताही येत नाही."

खालच्या दालनात एका शिंप्याचं दुकान होतं, वर काकू एकटी राहायची. मुलगा होआन सायगावला. माळ्याच्या मागच्या भागात पूर्वजांचा देव्हारा आणि त्याच्याशेजारी काकूची शवपेटी. फणसाच्या लाकडाची ती पेटी तिनं दहा वर्षांपूर्वी लिएमकडूनच करून घेतली होती आणि सध्या तिच्यात रजया ठेवायची.

"परवा रजया काढल्या आणि झोपून बघितलं," ती चहा ओतत म्हणाली. "अजून नीट बसते. ना डोकं लागत, ना पाय. तुझ्या हाताला माप चुकत नाही बाबा."

लिएमनं चहा घशाखाली ढकलला आणि दारापाशी बसला. चौकट एका बाजूनं बोटभर खाली गेली होती. त्यानं दार उतरवलं, वरच्या कोपऱ्यावर रंधा चालवला, परत बसवलं. काकूनं ते तीनदा उघडून-मिटून पाहिलं, लहान मुलासारखं.

"कशामुळे रे होतं असं?"

"ओल, काकू. यंदा हवाच ओली आहे."

रंध्याखालची सालपटं तो नेहमी तिथंच झाडून ठेवायचा. त्या दिवशी, किती तासलं ते दिसू नये म्हणून, त्यानं ती गोळा करून पिशवीत भरली.

किम बाँगचा सुतार घर बांधतो तेव्हा आधी घरधन्याचा हात मागतो. त्याच्या करंगळीच्या पेराचं माप धरून एक बांबू चिरतात आणि त्या घराची सगळी मापं त्या काठीवर काळ्या शाईनं खुणावतात. खांब किती, तुळई किती, खाच किती खोल. घर उभं राहिलं की काठी आढ्याखाली ठेवून द्यायची आणि कुणी तिला हात लावायचा नाही. पुढे कधी घर झिजलं, तर सुतारानं ती उतरवून वाचायची. एका घराची काठी दुसऱ्या घराला चालत नाही, कारण दोन माणसांचे हात सारखे नसतात.

जीर्णोद्धार निघाला तेव्हा काकूच्या घराच्या मागच्या चार खांबांचे पाय वाळवीनं आणि पुरानं पार गेले होते. आधीच्या पिढ्यांनी त्यांच्याखाली विटा, चुना, हाताला लागेल ते कोंबलं होतं. मूळ उंची किती ते कळेना. जुनी घरं जपणाऱ्या वारसा कचेरीचा इंजिनिअर लाल किरणाचं यंत्र घेऊन आला आणि त्यानं एक माप काढलं. लिएमनं काठी उतरवून दुसरं काढलं. दोन्हींत दोन बोटांचा फरक. "तुमचं यंत्र घर आज किती आहे ते सांगतं," लिएम चारचौघांत म्हणाला. "ते मुळात किती होतं, ते माझी काठी सांगते." काय ऐट होती त्या बोलण्यात. वर्तमानपत्रात छापून आलं, काठी हातात धरलेल्या लिएमच्या फोटोसकट. इंजिनिअर बिचारा कान पाडून गेला, आणि लिएमनं काठीप्रमाणे चार खांब कापले.

तुळया चढवायच्या दिवशी ते दोन बोटं आखूड पडले.

मुहूर्त पंचांगातून काढलेला होता, नऊ ते अकरा. ढोल वाजत होते. प्रांताहून पाहुणे आले होते, परदेशी देणगीदार खुर्च्यांवर घाम पुसत बसले होते, आणि पहिल्या रांगेत तो इंजिनिअर. थांबा, असं म्हणायला तोंड उघडावं लागतं, तेवढं लिएमला जमलं नाही. तो ताडपत्रीआड गेला, जुन्या खांबांच्या तुकड्यांतून दोन बोटं जाडीच्या चार चकत्या कापल्या, पायाच्या दगडी तळखड्यांवर ठेवल्या आणि खांब त्यांच्यावर उभे केले. भोवतीनं चुन्याचं कडं ओढलं. कामगारांनी विचारलंसुद्धा नाही. घराण्याची काही रीत असेल, असं त्यांना वाटलं. महिन्याभरानं त्यांतलाच एकजण दुसऱ्या घराच्या खांबाखाली चकती ठेवायला निघाला, तेव्हा लिएमनं त्याला अशी शिवी हासडली की तो आजही तिचा अर्थ लावतोय.

चूक कुठं झाली ते लिएमला आठ दिवसांनी कळलं. काकूचं घर आणि शेजारचं घर दोन सख्ख्या भावांनी बांधलेली. शेजारच्या घरात आता कॉफीचं दुकान होतं आणि तिथली काठी भिंतीवर रंगीत दिव्यांच्या माळेत शोभेला टांगलेली. लिएमनं कॉफी मागवली आणि ती काठी बसल्याबसल्या वाचली. ती काकूच्या घराची होती. लिएम चार वर्षांचा असताना, पंचांगातल्या ड्रॅगनच्या वर्षी, मोठा पूर आला होता. पाणी उतरल्यावर घरं तपासायला दोन्ही काठ्या खाली उतरवल्या, आणि त्या परत ठेवल्या लिएमच्या बापानं. भावाभावांचे हात ते. पेरात फरक तांदळाच्या दाण्याएवढाही नाही, पण खांबाच्या उंचीला तोच वाढत वाढत दोन बोटं होतो. चूक आपली नाही, बापाची आहे, हे कळल्यावर लिएमला हलकं वाटलं, आणि मागोमाग त्या हलकं वाटण्याची लाज वाटली. काठ्या बापानं बदलल्या असतील. चकत्या बापानं घातल्या नव्हत्या.

त्यानंतर तीन पावसाळे आले. प्रत्येक पुरात चकत्या पाण्यात, आणि पूर उतरला की चुन्याच्या कड्याआड दमट.

त्या दिवशी दार तासून परत निघाला तेव्हा लिएम सरळ होडीकडे गेला नाही. तो वारसा कचेरीच्या पायऱ्या चढला. सांगून मोकळं व्हायचं, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. उयेन तिथली अधिकारी, तिशीतली, हुशार आणि मनानं चांगली पोर.

"बरं झालं आलात, लिएमकाका. देवळाचा सभामंडप पुढच्या वर्षी दुरुस्तीला निघतोय. मी लिहूनच दिलंय, हे काम लिएमकाकांशिवाय कुणाला द्यायचं नाही म्हणून."

लिएम खुर्चीच्या कडेवर बसला. "उयेन, समजा एखाद्या दुरुस्त झालेल्या घरात दोष निघाला, तर काय करता तुम्ही?"

"कुठल्या घरात?"

"समजा म्हणतोय."

"सील लावणार. राहणाऱ्यांना बाहेर काढायचं, चौकशी बसवायची, आणि दोन-तीन वर्षं कुलूप. ज्यानं काम केलं त्याला जन्मात परत काम नाही." ती लिहिता लिहिता थांबली. "का, कुणाचं काही ऐकलंत?"

"छे. सहज विचारलं."

पायऱ्या उतरताना त्याला काकू आठवली. घराला कुलूप लागलं की मुलगा तिला सायगावला नेणार, अकराव्या मजल्यावर ठेवणार, आणि ती सहा महिन्यांत मरणार. म्हणून गप्प बसलेलं बरं, असं त्यानं स्वतःला समजावलं. आपल्या सोयीसाठी तोंड मिटलं की माणसाला दुसऱ्याचं भलं कसं पटकन आठवतं. दुरुस्तीचा बेत मात्र त्यानं खरोखरच केला होता. त्याच मापाच्या चार दगडी चकत्या घडवून घेऊन अंगणात गोणपाटात गुंडाळून ठेवल्या होत्या. नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात जमीन सुकली की एकेक खांब जॅकनं उचलायचा, कुजकं लाकूड काढायचं, दगड सरकवायचा. कुणाला पत्ता लागणार नाही. फक्त हा एक पूर जायला हवा होता.

दहावा महिना लागताच चार दिवस धो धो पाऊस झाला, आणि पाचव्या दिवशी सकाळपासून वॉर्डाचा भोंगा ओरडायला लागला. लोक घाबरले नाहीत. दरवर्षीचंच ते. माळ्याच्या जमिनीत चौकोनी झडप असते. ती उघडायची, दोर सोडायचा आणि खालचं सगळं वर ओढून घ्यायचं. लिएमही स्वतःच्या घरी हत्यारांच्या पेट्या वर ओढत होता. तिसरी पेटी अर्ध्यावर असताना त्याचे हात थांबले.

काकूच्या घरची झडप मागच्या खोलीवर होती. शिंप्याचे कापडाचे तागे, पाच शिलाई मशीन, तांदळाची पोती, सगळं ह्या क्षणी त्या झडपेतून वर जात असणार, आणि तिथंच, त्या चार खांबांवर, रचलं जात असणार. पूर आला की होई आनचं घर खालचा सगळा भार वर घेतं. पायाशी पाणी आणि डोक्यावर ओझं, दोन्ही एकाच दिवशी. इतकी वर्षं घरं बांधून त्याला हे आज सुचलं. पेटी खाली आदळली, ती कुठं पडली हेही त्यानं पाहिलं नाही.

सेन नावाची होडीवाली त्याला घेऊन निघाली. रस्त्यांवर नदी आली होती. काकूच्या घरापाशी पाणी दारावरच्या लाकडी डोळ्यांच्या खाली वीतभर होतं. शिंपी सामान चढवून केव्हाच बायकापोरांसह निघून गेला होता. काकू वरच्या खिडकीत बसून पाणी बघत होती.

"काकू, उतरा. माझ्याबरोबर चला."

"खुळा आहेस का? ड्रॅगनच्या वर्षी पाणी याच्याहून हातभर वर होतं. होआनला मांडीवर घेऊन मी याच माळ्यावर तीन दिवस काढले."

"तेव्हा घर धड होतं."

"आता तर तू नवं केलंयस."

लिएमनं खिडकीची चौकट दोन्ही हातांनी धरली. सेन वल्हं भिंतीला टेकवून होडी आवरत होती.

"मागचे चार खांब आखूड आहेत, काकू. दोन बोटं. मी कापले. त्यांच्याखाली लाकडाच्या चकत्या घातल्यात, त्या कुजल्या. तुमचं दार ओलीनं अडत नव्हतं. मी खोटं बोललो. घर बसतंय, आणि आज वर सगळं ओझं आहे. ते टिकणार नाही."

तीन वर्षं गिळलेलं एका दमात बाहेर आलं. काकूचं सुपारीनं काळं झालेलं तोंड हळूहळू पसरलं.

"सकाळी भोंगेवाला आला, म्हणाला धरण फुटलं. मग ती उयेन आली, म्हणाली होआन आजारी आहे, फोनवर बोलायचंय तर खाली या. आता तू. पण तुझी थाप सगळ्यांत भारी हं."

"थाप नाही ही."

"तुझ्या बापानं या घराची काठी स्वतःच्या हातानं वर ठेवलीय. आणि त्याच्या पोरानं खांब आखूड कापला? अरे, खोटंच बोलायचं तर पचेल असं तरी बोल."

लिएम खिडकीतून आत चढला. मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. त्यानं शिंप्याचं दोऱ्याचं रीळ उचलून फळ्यांवर ठेवलं. ते थोडं डुललं आणि मागच्या भिंतीकडे घरंगळत गेलं.

"बघा. बघितलंत?"

"जुन्या घरात सगळंच घरंगळतं. मीसुद्धा." ती हसली.

त्यानं तीन तागे उचलून पुढच्या खोलीत नेले. चौथ्याला कंबर धरली. शेकडो तागे होते. मग त्यानं काकूचा हात धरून ओढलं, तशी तिनं दुसऱ्या हातानं देव्हाऱ्याचा खांब पकडला. त्या काडीएवढ्या हातात बळ कुठून आलं कोण जाणे.

"दादा, ओढू नका," सेन खालून ओरडली. "हात मोडेल त्यांचा. आणि खिडकीतून तुम्ही एकटे कसं उतरवणार? माणसं आणू आपण."

काकूनं त्याचा चेहरा पाहिला आणि तिचा आवाज मऊ झाला. "माझ्यासाठी स्वतःच्या कामाला नावं ठेवलीस. तुझा बाप असता तर थोबाडीत दिली असती तुला. पण मी हे विसरणार नाही, लिएम. जा. येताना सुपारी आण थोडी, पुरात तोंड बेचव होतं."

तो गेला. वॉर्डाच्या उंचावरच्या शाळेतून त्यानं दोन दांडगी माणसं आणि उयेनला होडीत घातलं. सगळं मिळून अर्धा तास गेला असेल. परत वळणावर आले तेव्हा पुढची पिवळी भिंत उभी होती, लाकडी डोळे जागेवर होते, वरची खिडकी उघडी होती. खिडकीतून आभाळ दिसत होतं. भिंतीच्या मागे काही नव्हतं. कापडाचे तागे सुटून रस्त्यावरच्या पाण्यात लांबच लांब पसरले होते, लाल, निळे, जरीचे. लिएमनं पाण्यात उडी मारली आणि दोघांना त्याला ओढून परत होडीत घालावं लागलं.

पाणी उतरायला दोन दिवस लागले. काकू तुळयांखाली सापडली. तिची पेटी सापडलीच नाही, नदीनं ती समुद्राला नेली. माणसं कौलं उपसत होती तेव्हा लिएम मागच्या बाजूला गुडघाभर चिखलात बसून हातांनी उकरत होता. एका तळखड्यावर चुन्याचं कडं अजून शाबूत होतं. आत चकतीचा अर्धा तुकडा होता, काळा, भिजलेल्या पावासारखा. तुकडा शर्टात गुंडाळून तो उयेनकडे गेला आणि तिच्या टेबलावर ठेवला.

"हे मी घातलं होतं. खांबाखाली. माझ्यामुळे पडलं घर."

उयेननं तुकडा उलटसुलट करून पाहिला. "काका, हे जुन्या खांबाचं लाकूड आहे. त्या घरात असणारच की."

"खांब आखूड होते. इंजिनिअरला विचार. त्याचं माप बरोबर होतं."

"तुम्ही तीन दिवस झोपला नाहीत." तिनं त्याच्यासमोर पाण्याचा पेला सरकवला. "घर दोनशे वर्षांचं होतं आणि पूर मोठा होता. मी अहवाल तसाच लिहिलाय. तुम्ही घरी जा."

तिला खरंच पटलं नव्हतं की पटवून घ्यायचं नव्हतं, हे लिएमला पुढेही कधी कळलं नाही. तुकडा तिनं कागदात बांधून त्याच्याच हातात परत दिला.

गावात मात्र वेगळंच पसरलं होतं. सेननं जे ऐकलं ते दहा जणांना सांगितलं, आणि दहांनी शंभरांना. म्हातारीला वाचवायला त्या माणसानं स्वतःच्या तोंडानं स्वतःच्या घराण्याला काळं फासलं म्हणे. असा माणूस आता होणे नाही. बाजारात बायका वाट सोडून त्याला पुढे जाऊ देत होत्या. एका म्हाताऱ्यानं चक्क त्याचे हात हातात घेतले.

होआन सायगावहून आला. दोघं लहानपणी याच नदीत डुंबलेले. देवळाच्या ओसरीवर काकूला चटईवर, पांढऱ्या कापडाखाली ठेवलं होतं. होआननं लिएमला मिठी मारली आणि हुंदके देत राहिला.

"सेननं सांगितलं मला सगळं."

"होआन, ते खरं होतं. मी तुझ्या आईला सांगितलं ते सगळं खरं होतं."

"हो रे, हो." होआन त्याची पाठ थोपटत होता, जसं तापातल्या माणसाला थोपटतात तसं. "ऐकणारी बाई नव्हती ती. तू तुझ्याकडून केलंस. सख्ख्या मुलानं केलं नसतं एवढं केलंस." त्यानं डोळे पुसले. "पेटी गेली तिची. दुसरी तूच कर. दुसऱ्या कुणाच्या हातची तिला चालायची नाही."

लिएमनं पिशवीतून मोजायची काठी काढली आणि चटईशेजारी गुडघे टेकले. डोक्यापासून टाचेपर्यंत मोजलं. खूण केली. मग पुन्हा मोजलं. मग खांद्यांची रुंदी घेतली, आणि परत उंची, पहिल्यापासून. ओसरीवरचे लोक बघत होते.

"किती वेळा मोजतोस?" होआन हळूच म्हणाला. "आई म्हणायची, लिएमच्या हाताला माप चुकत नाही."

लिएमनं काठी पुन्हा तिच्या डोक्यापाशी टेकवली आणि पायांपर्यंत मोजत गेला.